पाट अडवणारी गोळी

वरची लोमा, लिमारीचं खोरं
सप्टेंबरची अखेर

तीर्थस्वरूप ओनोफ्रेदादांस,

धाकट्या बेलार्मिनोचा नमस्कार. सान इसिद्रोच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे तुमची भावजय उबेर्लिंदा बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत आणि मी उभा आहे. तुमची तब्येत विचारायची गरज उरली नाही, कारण निन्फाने फोनवर सगळं सांगितलं. तुमची लेक रडत होती, दादा. म्हणाली, रक्तदाब एकशे नव्वदवर गेलाय, डावा हात मध्येच बधिर होतो, आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बाबा जिरेनियमच्या कुंडीत खोचतात. कारण विचारलं तर म्हणतात, "एकतीस वर्षं पाटकरी होतो. कुणाचा पाट अडवला नाही. आता म्हातारपणी पाट अडवणारी गोळी खाऊ?"

मी उपदेश करायला लिहीत नाही. तुमच्या हातून पाटाच्या दाराची किल्ली घेतलेला माणूस तुम्हाला काय शिकवणार? फक्त माझी फजिती कळवतो. थकलोय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

मलाही तीच गोळी मिळाली. गेल्या महिन्यात दवाखान्यात डॉक्टरीणबाई आली (वय आपल्या निन्फाएवढं, बूट पाटाच्या काठाने चालण्याच्या लायकीचे नाहीत), तिने दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, ही गोळी कॅल्शियमचे पाट अडवते. मी टोपी उचलून उठलो. म्हटलं, "बाई, या खोऱ्यात पाट अडवणाऱ्याला लोक फावडी घेऊन शोधतात." "बसा हो डोन बेलार्मिनो, तुमच्या पाटाला कोण हात लावतंय!" "मग कुणाच्या?" ती हसली नाही, हे तिचं चांगलं. चिठ्ठी उलटी करून तिने चित्र काढलं.

तिचं म्हणणं असं. शरीरातल्या कितीतरी पेशींच्या भिंतीत बारीक दारं असतात, फक्त कॅल्शियमपुरती. बाहेर कॅल्शियम तुंबलेलं, आत जवळजवळ कोरडं. दहा हजार पट फरक. (आपल्या वरच्या तळ्याने असा दाब कधी बघितला नाही.) विजेचा बारीक इशारा आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दार उघडतं, कॅल्शियम आत धावतं, दार मिटतं, आणि आलेलं पुन्हा उपसून बाहेर टाकायची सोयही आत असते. एवढ्याशा पाळीवर हृदयाचा ठोका पडतो, मूठ आवळायचा निरोप नसेच्या टोकावरून पुढे जातो, जेवणानंतर साखर आवरणारा रस सुटतो, ऐकलेलं लक्षात राहतं. दार उघडतो तो मी, असं मला बारा वर्षं वाटत होतं. आणि इकडे माझ्या झोपेतसुद्धा एवढी दारं कुणीतरी पाळीने उघडतंय. त्या पाटकऱ्याचं नाव मी बाईंना सांगितलं नाही. बाहेर रांग होती.

आता आपला रोग. रक्तवाहिनीच्या भिंतीतही स्नायू असतो. तिथली दारं जास्त उघडली की कॅल्शियम शिरतं, भिंत आवळते, वाट अरुंद होते आणि रक्ताचा दाब चढतो. गोळी मुख्यतः तिथली दारं जरा कमी उघडू देते. म्हणजे दादा, एक पाट आवरला की दुसरा मोकळा वाहतो. मी म्हटलं, "मग हे अडवणं नव्हे हो, हे तर पाळी लावणं झालं!" बाईने ते लिहून घेतलं.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण उबेर्लिंदाने कॅल्शियम हा शब्द ऐकला आणि शेळीचं चीज कुलपात घातलं. (बाई नंतर म्हणाली, दुधाचा काही दोष नाही, चीजमधलं मीठ तेवढं सांभाळा. कुलूप आहे तिथेच आहे.) चीजच्या बदली ती मला रोज गोळीबरोबर, आईने लावलेल्या झाडाच्या पपनसाचा पेलाभर रस देऊ लागली. माझी पावलं पावासारखी फुगली. दहाव्या दिवशी मोठ्या दाराचं चाक फिरवताना (एकटाच होतो, रागावू नका) डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी टोपीसकट पाटात. सान इसिद्रोने मला तीनशे पावलांवर काठच्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांत अडकवलं. टोपी मात्र थांबली नाही, गावाजवळ पाटाला लावलेल्या जाळीपाशी माझ्याआधी पोचली.

ओलाचिंब, एका बुटाने घरी आलो, तर अंगणात बायका गुडघ्यांवर, मध्ये खुर्चीवर माझी टोपी, दोन मेणबत्त्या, आणि माझ्या आत्म्यासाठी जपमाळ चाललेली. म्हटलं, "अगं, मी आलोय." उबेर्लिंदा डोळे न उघडता म्हणाली, "गप बसा. मण्यांची चौथी दहाई चाललीय." शेजारची सुनिल्दा म्हणाली, "मेल्या माणसाने मध्ये बोलू नये!" मग मीही टेकलो गुडघे. स्वतःच्या चिरशांतीसाठी उरलेले मणी मी सगळ्यांबरोबर ओढले, आणि खरं सांगतो, इतकी मन लावून प्रार्थना माझ्याकडून पूर्वी झाली नव्हती. आमेन झाल्यावर उबेर्लिंदाने ती टोपी माझ्या तोंडावर मारली आणि मग रडली.

बाईने पपनसाचं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. पोटात गोळीचा बराचसा जोर मोडतो, पपनस तो मोडू देत नाही. माझ्या एका गोळीच्या दोन-तीन झाल्या होत्या. "पाण्याबरोबर घ्या हो, नुसत्या पाण्याबरोबर! तुमच्याकडे काय पाणी कमी आहे?"

तेव्हा दादा, शब्दावर जाऊ नका. वहिनींना नमस्कार, निन्फाला आशीर्वाद.

आपला,
बेलार्मिनो

ता. क. निन्फा म्हणते, तुमच्या कुंडीतला जिरेनियम यंदा फार फुललाय. आमचाही.

दुसरा ता. क. वरचं वाचून तुम्हाला कळलंच असेल. पाटात पडल्यापासून तीन आठवडे मी गोळी घेतलेली नाही. बाईचं सगळं पटलंय, पण गोळी तळहातावर आली की पाण्याचा आवाज ऐकू येतो. तुम्ही किल्ली देताना सांगितलं होतं, मोठं दार एकट्याने फिरवायचं नाही. पलीकडच्या काठावर माणूस हवा आणि त्याची हाक आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. येत्या रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या पहिल्या घंटेला मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन फोनपाशी बसतो. तुम्ही तुमचा पेला घेऊन पलीकडच्या काठावर बसा, आणि हाक द्या.