उशाशी बसायचं काम

सोमवार
नवी नोकरी सुरू झाली. अपघातातून वाचलेल्या माणसांना इथे दुपारी झोपवतात. मी उशाशी बसून त्यांचं झोपेतलं बोलणं वहीत उतरवायचं, उठवायचं मात्र नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झोपेत आठवण राहते पण तिची नांगी मोडते. कधीकधी ती बदलूनही जाते. मी म्हटलं, हे पुस्तकात वाचलंय. त्या हसून म्हणाल्या, मग माझी खुर्ची तुम्हीच घ्या. हे दम्याने गेले त्या दुपारी माझा डोळा लागला होता, तेही सांगून टाकलं. तेव्हापासून दोन वर्षं रोज दुपारी झोपते. आता ती सवय मोडायची.

मंगळवार
बसड्रायव्हर झोपला. ब्रेक, पूल, काच, असं पुटपुटत होता. मग कूस बदलून स्वच्छ म्हणाला, अगं, पंप दे. हे दम्याचा पंप असाच मागायचे. उठल्यावर गडी ताजातवाना, चहात साखर कमी म्हणून कुरकुरला. त्याला दमा नाही. विचारून घेतलं.

गुरुवार
आज शिक्षिका. तिचं घर जळालं होतं. तिनेही पंप मागितला, ह्यांच्यासारखीच मध्ये अडखळत. जागी झाल्यावर म्हणाली, मावशी, आज आग दिसलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली एक बाई दिसली, तिचे डोळे उघडे होते.
हे मी वहीत उतरवलं नाही.

शुक्रवार
चार रात्री डोळ्याला डोळा नाही. आता सगळं आठवतंय. पंप फळीवर होता, चार पावलांवर. त्या दिवशी मी दहादा उठले होते. मनात म्हटलं, एकदा स्वतः उठा की.
ते उठले नाहीत.

शनिवार
डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जागरणाने माणूस भलतंच रचतं. झोपा, हलकं वाटेल. गोळी दिली. हलकं व्हायचा मला हक्क नाही. तरी घेतली, आणि वही घेऊन कडेच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाले.
चारही खाटांवरचे माझ्याकडे तोंड करून झोपलेत. एका तालात धापा टाकताहेत —
पुसलं जाण्याआधी लिहिते. मी जागी होते. ह्यांनी तीनदा हाक मारली. मी ऐकली —
उशी गार आहे —
दोनदा असेल. मी उठणारच होते —
हाक मारली होती, की नुसताच खोकला आला आणि मी तर —