समुद्राकडची खोली

९ फेब्रुवारी २०१६

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

ही फोनवर सांगून टाकायची गोष्ट नाही, म्हणून कागद घेऊन बसले. मुंगे, अखेर घर घेतलं! आधीच आम्ही दोघं तीस वर्षं परदेशात, त्यात हे घर सीमेपलीकडे तिसऱ्याच देशात. म्हणजे परदेशातून पुन्हा परदेश. तुझे भाऊजी म्हणतात, आता आपण धड कुठलेच राहिलो नाही. आमच्या फ्लॅटपासून आगगाडीने अडीच तास लागतात. स्टेशनवरून चढाची एक गल्ली आहे, तिच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान, आणि ती जिथे संपते तिथे आपलं घर. मी ‘आपलं’ लिहिलंय, ‘आमचं’ नाही, हे चष्मा लावून वाच.

खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली. वर झोपायच्या दोन खोल्या, पुढची गल्लीवर उघडते, मागची समुद्रावर. मागची तुझी. भाऊजींना तसं बजावलंय. ते म्हणाले की पाण्याचा आवाज ऐकला की त्यांना रात्रीतून चारदा उठावं लागतं, तेव्हा ती खोली मेहुणीलाच लखलाभ.

तुझे ‘हे’ गेल्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून तू त्या शिलाईच्या मशीनवरून उठलेली नाहीस. आता दर मे महिना तुझा, अख्खा. बाकीच्या दिवसांत पर्यटकांना भाड्याने द्यायचं ठरवलंय, त्याशिवाय बँकेचा हप्ता निघणार नाही. पण मे म्हणजे मे.

आणि हो, इथे मिळणारे तयार पडदे इस्पितळातले वाटतात. तुझ्या खोलीचे तूच शिव. मापं वेगळ्या कागदावर पाठवते.

लोभ आहेच, तो उतू जाईल इतका असू दे.

तुझी ताई


३ मार्च २०१६

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानातच रडले, आणि समोर ब्लाउज घ्यायला आलेली बाई घाबरून मापाबद्दल तक्रार न करताच निघून गेली. तेवढाच फायदा.

मापं भाऊजींच्या अक्षरात होती. लांबी साठ पूर्णांक तीन दशांश इंच! त्यांना सांग, त्यांनी जन्मभर पूल बांधले असतील, मी पडदे शिवतेय. पिवळं कापड घेतलंय, फिकं, पिकत आलेल्या लिंबासारखं. कडा दुहेरी दुमडून हाताने तुरपाई केली आहे, आई करायची तशी, टाका दिसणार नाही अशी. मशीनवर पाच मिनिटांत झालं असतं, पण तिथे मशीनचं काम नको वाटलं.

पासपोर्टही काढला. फोटोत मी दरोडेखोराची बायको दिसते. लेकीने चाकांची बॅग आणून दिली आहे. मे यायला अजून अवकाश आहे आणि मी रोज ती रिकामी बॅग घरातून फिरवते. जावई म्हणाले की खालच्या मजल्यावरच्यांना वाटतंय, आमच्याकडे रोज कोणी तरी येतं किंवा जातं.

ताई, मी समुद्र एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून. बाई म्हणाल्या होत्या की वेळ नाही, उतरू नका.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मुंगी


१४ एप्रिल २०१७

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

कुठल्या तोंडाने लिहू? गेल्या मेमध्ये नळांचं काम निघालं, ते तुला माहीतच आहे. यंदा तुझ्यासाठी महिना मोकळा ठेवला होता, खरंच ठेवला होता. पण एका पाच जणांच्या कुटुंबाने तीन आठवडे मागितले. नाही म्हटलं की घरं भाड्याने देणाऱ्या त्या साइटच्या यादीत आपलं घर खाली घसरतं, मग जून-जुलैचे लोकही फिरकत नाहीत. भाऊजींची निवृत्ती झाली, आता हप्त्याला घरभाड्याचाच आधार. तू समजून घेशील म्हणून तुझ्याच वाट्याला कात्री लावली. जवळच्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं बघ, परक्याला जड.

नोव्हेंबरमध्ये येतेस का? तेव्हा घर रिकामंच असतं. पण थंडी हाडं फोडते आणि हीटर एकच आहे, म्हणून आग्रह करत नाही. पुढच्या मेची मात्र दगडावरची रेघ.

घराची देखभाल बघायला एक बाई मिळाली आहे. किल्ल्या तिच्याकडे असतात म्हणून आम्ही तिला किल्लीवाली म्हणतो. शनिवारी दहाला जुने पाहुणे जातात, चारला नवे येतात. तेवढ्यात ती चादरी बदलते, फरशी पुसते, भांडी मोजून ठेवते. वाघीण आहे. तुझे पडदे मात्र जपून धुते. चार जणांनी अभिप्रायात त्यांचं कौतुक केलंय. मी कात्रण पाठवणार होते, पण ते कॉम्प्युटरवर आहे.

राग आला तर पत्रातून काढ, मनात ठेवू नकोस.

तुझी ताई


६ मे २०१८

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंदा तू काही कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. घर चालवायचं म्हणजे पाहुण्यांची मर्जी राखायलाच हवी. माझ्या दुकानात नाही का, ओळखीची बाई आली की तिला मी म्हणते, तुमचं काय, तुम्ही घरच्याच, उद्या देते, आणि अनोळखी बाईचं आधी शिवून टाकते. तेव्हा तुझं बरोबरच आहे.

मी जरा दमलेय. जुने कपडे अंगात लोंबायला लागले, स्वतःचीच मापं कमी करत बसले होते. लेकीने धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चार तपासण्या सांगितल्या आहेत. डॉक्टरांनाही काही तरी लिहावंच लागतं ना, पॅड छापलेलं असतं.

भाऊजींचे गुडघे कसे आहेत? तुझं डोकं दुखायचं थांबलं का? मी न विचारताही कळवत जा.

आहे तशीच माझी राहा.

तुझी मुंगी


१७ सप्टेंबर २०१८

मुंगे,

आज आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

काल उन्हाळी हंगामाची आवराआवर करायला समुद्राकडच्या घरी आले होते. किल्लीवाली चादरी मोजत होती. बोलता बोलता म्हणाली की जूनच्या अखेरीस चार रात्रींसाठी आल्या होत्या तशा पाहुण्या पुन्हा मिळायच्या नाहीत. आई आणि मुलगी. आई अगदी वाळलेली, जिन्यात दर दोन पायऱ्यांवर थांबायची. जाताना पलंगाच्या चादरी स्वतः काढून घड्या घालून ठेवल्या. आणि मागच्या खोलीतला पडदा कुणाच्या तरी पोराने खालून उसवला होता, तो त्या बाईने पर्समधून सुई काढून शिवून दिला, धागाही त्याच रंगाचा.

मी वर गेले. पडद्याची कड उलटी करून पाहिली. आईची तुरपाई, मुंगे. जगात ती आता एकाच हाताला येते.

खाली येऊन नोंदी काढल्या. जावयांचं आडनाव! मंजुरीचं बटण मीच दाबलं होतं. आडनाव वाचलंसुद्धा नसेन, नुसत्या तारखा पाहिल्या असतील. तू माझ्या घरात भाडं भरून राहिलीस. मी अडीच तासांवर होते. अभिप्राय लिहिलाय, ‘घर स्वच्छ आहे, खोली छान आहे, आभारी आहोत.’ परक्यासारखा.

असं का केलंस? चार शब्दांनी मला कळवता आलं नाही? आणि वाळलेली म्हणजे काय? तपासण्यांचं काय झालं ते कधीच लिहिलं नाहीस. उलट टपाली लिही. खरं लिही.

ताई


२ ऑक्टोबर २०१८

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडली गेले. चोरी सुईने उघडकीला आली, म्हणजे शिंपिणीला साजेशीच.

खरं लिही म्हणालीस, तर लिहिते. पोटात गाठ आहे आणि ती आता पोटापुरती राहिलेली नाही. मेच्या अखेरीस कळलं. डॉक्टर म्हणतात की वर्ष निघेल. लेकीने विचारलं की तुला काय हवं, तर माझ्या तोंडून पटकन निघालं, ती खोली.

तुला मागितली असती तर तू सगळ्या पाहुण्यांना हाकलून दिली असतीस, एवढं मी तुला ओळखते. पण ती तू आजारी बाईला दिली असतीस. मला ती धाकटी बहीण म्हणून हवी होती. तशी मिळेना, आणि दिवस कमी, म्हणून गिऱ्हाईक होऊन घेतली. गिऱ्हाइकाला कुणाचे उपकार नसतात बघ. रागावू नकोस. वाटलं ते लिहिलं.

आता गमतीचं सांगते. स्वयंपाकघरात तू लावलेला सूचनांचा कागद! टॉवेल जमिनीवर टाकू नयेत, जिन्यात पळू नये, वाळू बाहेर झटकूनच आत यावं. लेक भाषांतर करून वाचत होती आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता, वेणी घालताना कानशिलावर फणी मारायचीस तेव्हाचा. हसून हसून पोट धरलं. जिन्यात पळायची तर मला फारच मुभा होती.

सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे ती दुपारपर्यंत. समुद्र काही करत नाही गं ताई, नुसता येतो आणि जातो, तरी उठवत नाही. तिसऱ्या दिवशी लेकीने मला धरून खाली नेलं. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. पाय गार पडले तरी निघेना. यंदा बसमधून उतरले एकदाची.

तुला कळवायचं राहून गेलं, एवढंच समज.

माझ्यावरचा लोभ आता काटकसरीने वापरू नकोस, सगळा खर्च कर.

तुझी मुंगी


२० ऑक्टोबर २०१८

चि. मुंगीस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊजींना वाचून दाखवायला घेतलं आणि निम्म्यातच त्यांच्या हातात दिलं. ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

मी येतेय. आजच निघणार होते. पण शेवटचे पाहुणे तीन नोव्हेंबरला जातात, आणि किल्लीवाली लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. भाऊजींना तो जिना चढवत नाही. घर बंद करताना नळातलं सगळं पाणी काढावं लागतं, नाही तर थंडीत नळ फुटतात. तेवढं उरकून चारला विमानात बसते, पाचला तुझ्यापाशी. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

साइटवर पुढचं अख्खं वर्ष बंद करून टाकलंय. मे नाही, जून नाही, कुणालाच नाही. तुला चालवेल तेव्हा घेऊन येईन. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायचं भाऊजींनी मनावर घेतलंय, मापं दशांशात घेऊन झाली.

वर्ष म्हणालेत ना डॉक्टर? मग पंधरा दिवस दम धर, माझी शहाणी.

तुझी, तुझीच ताई


११ डिसेंबर २०१८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

आई दोन नोव्हेंबरच्या सकाळी गेली आणि तू पाचला पोचलीस. इथे राहिलीस त्या आठ दिवसांत तू मला काहीच विचारलं नाहीस. परत गेल्यावर मात्र लिहिलंस की आई तुझ्यावर रागावून गेली का, ते खरं सांग, लपवू नकोस. मी दोनदा खोटं पत्र लिहून फाडलं.

शेवटी ती रागावलेली नव्हती. तुझं वीस तारखेचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. दशांशाच्या मापांना ती हसली. नळांचं वाचल्यावर म्हणाली की बरोबर आहे, नळ फुटले तर केवढा घोळ होईल. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकते.

पण एक गोष्ट तिने तुला लिहिली नाही. त्या घरातल्या दुसऱ्या संध्याकाळी तिने तुला फोन केला होता. तिच्या मनात होतं की तुला चकित करायचं, सांगायचं की अगं, मी इथेच बसलेय, सकाळच्या गाडीने ये. माझ्याकडून पुढच्या खोलीतला पलंग तुझ्यासाठी करून घेतला, उशी दोनदा बदलायला लावली. मग खिडकीशी बसून नंबर लावला. तू उचललास. जुलैच्या पाहुण्यांचं काही तरी चाललं होतं. तू म्हणालीस की आत्ता घाईत आहे, उद्या निवांत करते. तिने बरं म्हटलं. तुला वाटलं असेल की ती घरूनच बोलतेय.

पुढचे दोन दिवस तिने फोन हाताशी ठेवला होता. पाण्यात उभी होती तेव्हा तो माझ्या मुठीत होता, पाणी लागू देऊ नकोस म्हणाली. निघायच्या दिवशी पुढच्या खोलीतली चादर मी काढायला गेले, तर मला हात लावू दिला नाही. स्वतः काढली, स्वतःच घडी घातली. मग म्हणाली की ताईला हे कधी कळता कामा नये, ती आयुष्यभर जेवणार नाही.

तिची ती एकच गोष्ट मी मोडली. तू खरं मागितलंस, आणि ती खोली आता माझ्या नावावर करते म्हणून लिहिलंस. हे लपवून मला तुझ्याकडून काही घेता आलं नसतं. आता सांगितल्यावरही घेववत नाही. पाहुण्यांना दे, मावशी. बंद ठेवून काय होणार? कुणी तरी त्या खिडकीशी बसावं.

दुकान मी अजून उघडलेलं नाही. कपाटात लोकांचे शिवून झालेले कपडे आहेत, कागदांवर आईच्या अक्षरात नावं. एकटीने वाटत बसायचा धीर होत नाही. तू ये. काकांनाही आण. केव्हा येऊ, असं विचारत बसू नकोस. आमच्याकडे तारीख घ्यावी लागत नाही.

रागाला उतार पडतोय. माया आहे तिथेच आहे.

तुझ्या मुंगीची मुलगी