बोगद्यातला परतीचा वळसा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, नकाशांच्या कचेरीतून ट्रेसर म्हणून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शाईच्या पेनाने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझे दीर गेली सहा वर्षे मला यापासून परावृत्त करीत आहेत. "वहिनी, त्यात लिहायचं काय? घरातलं घरातच राहणार ना?" असे ते म्हणतात, म्हणूनच लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, "हृदयाचा मी भरवसा देत नाही, पण डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्या मागे दोनच माणसे आहेत. धाकटे दीर, ज्यांना मी लग्न झाल्यापासून भावजी म्हणते, आणि त्यांची बायको, माझी जाऊ.

हा कागद वकीलबाईंनी मागच्या बाजूच्या वरच्या खोलीत, रेल्वेच्या टेबलापाशी वाचावा. दोन्ही साक्षीदार हजर असावेत. भावजींनी खिडकीशी उभे राहावे, जाऊबाईंनी दाराजवळच्या स्टुलावर बसावे. कागदाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग बंद पाकिटात आहे. तो केव्हा फोडायचा ते पुढे लिहिले आहे. भावजी, पाकिटाकडे बघू नका.

भाग पहिला

१. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते माझ्या शाळेच्या शिवणवर्गाला द्यावे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर कापड हातात घेतल्या घेतल्या उलटे करीत. सुलट बाजू त्या बघतच नसत. "पुढून सगळ्याच मुली छान भरतात," त्या म्हणत, "मला पाठ दाखव." पाठीमागे धागे लोंबत असतील तर सगळे उसवायला लावीत. मी त्यांच्या नावाने किती रडले आहे! आणि आयुष्यात जे काही नीट केले ते त्यांच्याच धाकाने केले. त्या पैशांतून चांगले दोरे घ्यावेत. स्वस्त दोऱ्याचा रंग जातो.

२. शहरातल्या छंदवाल्यांच्या क्लबाला काहीही देऊ नये. त्यांच्या अर्जावर नावाच्या आधी 'श्री.' छापलेले असे आणि 'सौ.' लिहायला जागाच नसे. मी चिटणीसांना विचारले होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या मिस्टरांना सभासद करा, तुम्ही आपोआप आलातच." क्लबाला मी विसरलेले नाही. मुद्दाम वगळले आहे.

३. आता रेल्वेचे टेबल. ते कोणाला द्यायचे हे सांगण्याआधी ते कसे झाले हे लिहिणे भाग आहे, कारण त्याबद्दल या घरात एकोणीस वर्षे खोटे सांगितले जात आहे.

आमचे हे वीज कंपनीत मीटर दुरुस्त करीत. एका रविवारी त्यांनी भंगारातून एक मोडके खेळण्यातले इंजिन आणले आणि आठवड्याभरात चालू केले. पाटावर रूळ मांडून आम्ही दोघांनी ते चालवून बघितले, आणि मी म्हटले, "याला जायला कुठंतरी गाव पाहिजे." तिथून सुरुवात झाली.

आराखडा माझा. ट्रेसिंग पेपरच्या चार मोठ्या शीटवर, पूर्ण मापात. तीन भिंतींना लागून टेबल, मध्ये उभे राहायला जागा. रुंदी किती ठेवायची हा पहिला प्रश्न. गाडी घसरली तर हात पोचला पाहिजे. यांचा हात लांब होता. पण टेबल माझ्या हाताच्या मापाने केले आहे, कारण यांच्या मापाने केले असते तर पलीकडच्या स्टेशनाला मला कधी हातच लावता आला नसता. ज्याला शंका असेल त्याने मोजावे. माझ्या बाहीचे माप शिवणाच्या वहीत आहे.

पहिले वळण मी चुकवले. इंजिन सहज वळे, पण दोन लांब डबे एकमेकांना कोपरे घासत आणि घसरत. हे नुसते चष्मा पुसत बसले. मी सगळे रूळ उचकटले, पुठ्ठ्याची कमान कापली, सर्वांत लांब डबा हाताने ढकलत तिच्यावरून नेला आणि मगच खिळे ठोकले. डोंगर जुन्या बँडेजच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवून केला. झाडेही मीच केली. त्या झाडांबद्दल पुढे येते.

इंजिने यांची. त्यांच्यासारखी चाके तासणारा माणूस मी पाहिला नाही, आणि ते श्रेय मी कोणालाही नाकारू देणार नाही. पण यांच्या कमरेत दोष होता, वाकता येत नसे. म्हणून टेबलाखाली जे आहे ते सगळे माझे. तिथे उताणे पडून मी तारांना डाग दिले. वितळलेला थेंब मनगटावर पडल्याची खूण अजून आहे. प्रत्येक मार्गाच्या तारा वेगळ्या रंगाच्या रेशमाने, भरतकामातल्या गाठी मारून बांधल्या आहेत. बाहेरच्या फेरीला निळे रेशीम, सायडिंगला, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाला, हिरवे, बोगद्यातल्या वळशाला लाल.

या वळशाबद्दल नीट सांगते, कारण सगळे त्याच्यावर आहे. दोन रुळांतून विजेची दोन टोके जातात. गाडी बोगद्यात शिरून पूर्ण वळसा घेऊन त्याच मार्गावर परत आली, की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो. दोन टोके एक झाली की गाडी चालवायच्या रेग्युलेटरचा लाल दिवा लागतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. त्यावर उपाय असा, की वळशाचा तुकडा दोन्हीकडून तोडून वेगळा करायचा, त्याला स्वतंत्र खटका द्यायचा, आणि गाडी आत असताना योग्य वेळी तो फिरवायचा. हे मला सुचायला पाच महिने लागले. ज्या दिवशी गाडी एका बोगद्यातून आत गेली आणि त्याच बोगद्यातून तोंड फिरवून बाहेर आली, त्या दिवशी आम्ही दोघे लहान मुलांसारखे नाचलो. म्हणजे मी नाचले, यांनी कमरेला हात लावून ताल धरला.

मग क्लबाची स्पर्धा आली. परीक्षक घरोघर येऊन बघणार होते. अर्ज भावजींनी भरला, कारण ते क्लबाचे सभासद. त्या दिवशी रेग्युलेटर त्यांच्या हातात होता आणि मी खाली चहा करीत होते. ट्रे घेऊन वर आले तेव्हा परीक्षक विचारीत होते, "ही सगळी जोडणी कोणाची?"

भावजी म्हणाले, "दादाची आणि माझी. वहिनींनी झाडं चिकटवली."

सगळे हसले. परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "झाडं छान आहेत हं, वहिनी."

मी यांच्याकडे बघितले. हे चष्मा पुसत होते.

परीक्षकांनी पुन्हा विचारले, "हा बोगद्यातला फाटा कुठं जातो?" भावजींनी टेबलाखाली कधी डोके घातलेले नव्हते. ते म्हणाले, "ती लाइन अजून बंद आहे. काम चालू आहे." तो वळसा दोन वर्षे चालत होता.

बक्षीस मिळाले. पितळी पाटी आली, 'दोन भावांची रेल्वे'. ती टेबलाच्या पुढच्या कडेला चार स्क्रूंनी बसवली आणि एकोणीस वर्षे मी पुसली. मीही एक पाटी केली, नखाएवढी, 'काम चालू आहे', आणि बोगद्याच्या तोंडाशी रोवली. भावजी तेव्हापासून पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवतात. "बारकावे बघा!" म्हणतात.

त्या संध्याकाळी मी यांना विचारले, "बोलला का नाहीत?"

"अगं, लोकांसमोर त्याला कशाला पाडायचं?"

"मला पाडलंत ते लोकांसमोरच ना?"

मी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी यांची कंबर धरली आणि ते चार दिवस अंथरुणाला खिळले. मी औषध चोळले, पण कंबर कशाने धरली ते विचारले नाही. फलाटावर यांचा एक छोटा पुतळा होता, चष्म्यासकट. तो उपटून मी गाडीकडे पाठ करून चिकटवला. अजून तसाच आहे.

हे गेले. महिनाभराने भावजींनी बोगद्यात गाडी घातली. लाल दिवा लागला. "दादा गेल्यापासून लाइन बिघडली," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात सुतार आणि मापाची टेप घेऊन आले. डोंगराचा भाग करवतीने कापून टाकायचा आणि उरलेले क्लबाच्या हॉलमध्ये न्यायचे, असा बेत. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, ताईंना एकदा विचारा तरी." त्यावर भावजी म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

सुताराला मी जिन्यावरूनच परत पाठवले. तो कधी परत येईल ते मला माहीत आहे. माझ्या तेराव्या दिवसापर्यंतही थांबणार नाही.

४. म्हणून मी अशी अट घालते. लाल पॅसेंजर पहिल्या फलाटावर, इंजिनाचे तोंड खिडकीकडे, अशी उभी असेल. भावजींनी ती बोगद्यातून वळवून पुन्हा त्याच फलाटावर, इंजिनाचे तोंड दाराकडे, अशी आणून उभी करावी. गाडीला हात लावू नये. कोणाला विचारू नये. वेळ एक तास. ज्याने जोडणी केली त्याला चार मिनिटे पुरतात.

जमले तर टेबल, ही खोली, हे घर, सगळे भावजींचे, आणि करवत चालवण्यासही माझी हरकत नाही. मग पाकीट न फोडता जाळावे. जमले नाही तर वकीलबाईंनी पाकीट फोडून वाचावे.

खटका कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही.

भाग दुसरा

५. भावजी, खिडकीतला वेताचा मोढा ओढून घ्या आणि बसा. लाल दिवा विझवायला डावीकडचे बटण दाबावे लागते.

आता जाऊबाईंकडे वळून हे शब्द म्हणा : "मला येत नाही. तू करून दाखव." जसेच्या तसे, साक्षीदारांना ऐकू जातील असे. तुम्ही म्हणेपर्यंत वकीलबाई पुढे वाचणार नाहीत. त्यांना घाई नाही.

६. जाऊबाई, ऊठ. तुला माहीत आहे. खटका टेबलाखाली, लाल रेशमाच्या मोठ्या रिळाच्या मागे.

भावजी, गेली पाच वर्षे दर मंगळवारी दुपारी ही माझ्याकडे येत होती आणि तुम्ही म्हणत होतात, "दोघी बायका बडबडत बसतात." आम्ही टेबलाखाली होतो. पहिल्याच दिवशी बॅटरी धरून हिने विचारले, "ताई, लाल रेशमाच्या जोडीला हिरवं का आलंय इथं?" वळसा सायडिंगला जिथे मिळतो ती जागा हिने एका नजरेत ओळखली. तुम्हाला एकोणीस वर्षांत दिसली नाही. वरचे दोन सिग्नल हिने जोडले आहेत. डाग माझ्यापेक्षा स्वच्छ.

७. हे टेबल, त्यावरचे आणि खालचे सर्व काही, माझी हत्यारे, ट्रेसिंगची पेने, आणि हे घर, जे माझ्या एकटीच्या नावावर आहे, मी माझ्या धाकट्या जावेला पूर्ण मालकीने देते. टेबलाला करवत लागू नये. भावजींना या घरात तिच्या मर्जीने राहता येईल.

८. भावजींना पुढील वस्तू द्याव्यात : पितळी पाटी आणि तिचे चार स्क्रू. बोगद्याच्या तोंडची 'काम चालू आहे' ही पाटी. ती पाटी त्यांच्यासाठीच केली होती.

पाहुणे टेबल बघायला आले की चहा भावजींनी करावा, आणि गाडी चालू असतानाच करावा. साखरेचा डबा त्यांना माहीत नसेल, शोधावा. पाहुण्यांसमोर 'दादा आणि मी' असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, तर जाऊबाईंनी गाडी बोगद्यात थांबवावी आणि ते वाक्य दुरुस्त करीपर्यंत बाहेर काढू नये.

९. हे शेवटचे. गेल्या वर्षी एक तार बदलताना घरंगळलेले रीळ शोधत जाऊबाई पार भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सरकली. तिथे एकही तार जात नाही, म्हणून मी तिथे कधी गेलेच नव्हते. ती म्हणाली, "ताई, इथं पेन्सिलीनं लिहिलंय. दादांचं अक्षर आहे." मी सरकत गेले. प्लायवूडच्या खालच्या बाजूला, स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून, यांनी लिहिले होते :

'वरचं सगळं हिचं. खालचंही हिचं. मी बोललो नाही. चुकलो.'

त्या कमरेने तिथवर सरकत गेले असतील. आणि लिहिले कुठे, तर मी कधी बघणार नाही अशा जागी. मी तिथेच पडून रडले आणि तिथेच पडून यांना शिव्याही दिल्या. जाऊबाईने बॅटरी विझवली.

फलाटावरचा यांचा पुतळा गाडीकडे वळवावा. अर्धाच. गाडी येताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल एवढा.

माझ्या कपाटाचा मोठा आरसा काढून त्या कोपऱ्यात, टेबलाखाली, जमिनीवर वर तोंड करून ठेवावा, आणि तिथे दिवा लावावा. पितळी पाटी जिथे होती तिथून जो कोणी वाकून टेबलाखाली बघेल त्याला ते दिसेल. आरशात अक्षरे उलटी दिसतील, वाचायला वेळ लागेल. लागू दे. मला अठरा वर्षे लागली.

पहिल्यांदा भावजींनी वाचावे. मोठ्याने.

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीत, पूर्ण समाधानाने आणि थोड्याशा आनंदाने लिहिले आहे. यापूर्वी कधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

ठिकाण : मागच्या बाजूची वरची खोली
दिनांक : अकरा फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

साक्षीदार
१. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
२. समोरच्या घरातल्या निवृत्त टपाल मास्तरीणबाई (सही)

यांनी आमच्यासमक्ष आणि आम्ही यांच्यासमक्ष सही केली. सही करण्यापूर्वी आम्ही दोघींनी टेबलाखाली वाकून पाहिले.