डावी बाजू

मंगळवार, १४ ऑगस्ट २००७

कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, तेव्हा मीच हट्टानं इम्प्लांट बसवून घेतलं. तीन वर्षांत ते दगडासारखं झालंय. कूस बदलली तरी कळ येते.

आज डॉक्टर म्हणाले, "भोवतीचं आवरण आवळलंय. काढावंच लागेल."

"दुसरं बसवाल?"

"रेडिएशननं कातडी पातळ झालीय. धोका आहे."

म्हणजे नाहीच.

आम्ही दोघं रिक्षानं सिल्व्हर पार्कला, आमच्या सोसायटीत परतलो. घरी आल्यावर हे म्हणाले, "काढून टाकू गं. मला काही फरक पडत नाही."

प्रेमानंच म्हणाले. पण मला पडतो त्याचं काय? लिहितानाही कळ येतेय. वर्षभर मी यांच्यासमोर साडीसुद्धा बदललेली नाही. तेही यांच्या लक्षात आलं नसेल?