कॉम्प्युटरचं झबलं

आई, सकाळपासून हे लिहायला बसते आहे आणि उठते आहे. दूध उतू जाईल म्हणून उठले, तर गॅस पेटवलेलाच नव्हता. हा अस्वस्थपणा तुझाच. तुलाही टाइपरायटर सोडला तर कशापुढे पाच मिनिटं बसवत नसे. आणि आज मला तुझ्याशी भांडायचं आहे. ते कुठल्या पत्त्यावर भांडू हे कळत नाही म्हणून कागद घेतला.

भिंगारच्या घरातली पुढची खोली डोळ्यांसमोर येते. टायपिंग क्लासला पोरं येईनाशी झाली, तशी तू मशिनं विकून कॉम्प्युटर आणलास आणि लग्नपत्रिका करायला लागलीस. आपल्या लोकांच्या पत्रिकेत वर बुद्धाचं मोठं चित्र, मागे पिंपळपान. ते पडद्यावर उमटता उमटता चहा व्हायचा. तू खुर्चीत चुळबुळ करायचीस, टेबलावर बोटं वाजवायचीस. मग कुणीतरी तुझ्या कानावर घातलं की एकशे सहासष्ट मेगाहर्ट्झची चिप दोनशेवर पळवता येते. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते, म्हणजे काम माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, "आई, झेपेल तेवढंच पळवावं." तू चष्म्यावरून बघितलंस. "मी टायपिंग शिकत हुते तवा मास्तर म्हनले, बाईमानसाला चाळीस शब्दांच्या वर जमायचं न्हाई. तू पळव."

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या काळ्या टोप्या, जंपर म्हणतात त्यांना, एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवल्या. बुद्ध झरझर उतरला. तू लहान मुलीसारखी हसलीस. आणि त्याच आठवड्यात आपण माझी स्वतःची लग्नपत्रिका करायला घेतली.

निम्मी पत्रिका झाली की पडदा निळा व्हायचा आणि सगळं ठप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. त्यात घोडेगावहून माझ्या होणाऱ्या सासूबाई मजकूर बघायला आल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखतच पडदा निळा झाला. त्या म्हणाल्या, "इहीनबाई, राग मानू नका. पन पोरीचं नाव लिवलं की पुसतंय. तारीख पुढं ढकलू. मला लई धाकधूक वाटती." मला ते स्थळ मनापासून हवं होतं, आणि पुढे ढकललेलं लग्न कसं मोडतं हे मी मावशीच्या बाबतीत पाहिलं होतं. तू पदर खोचलास. "आपन मुहूर्त काढला न्हाई, वेळ ठरवली. मशिनला शकुन कळत न्हाई. कारन असतंय. जेवून घ्या, तवर आमी हुडकतो."

त्या दुपारी मी घाबरून एकदम सगळंच बदलायला निघाले होते. तू माझा हात धरलास. एका वेळी एकच बदल, मग बघ, मग दुसरा. टायपिंगच्या मुलींच्या चुकाही तू अशाच शोधायचीस, एकेक बोट तपासून. वेग वाढवला की चिपला जरा जास्त व्होल्टेज लागतं, एवढं मला ठाऊक होतं. ते एक घर वाढवलं. आता बंद पडणार नाही असं वाटलं, तर आधीपेक्षा लवकर बंद पडला. आणखी एक घर वाढवलं, तर आणखी लवकर. मी रडकुंडीला आले. तू मात्र खुशीत आलीस. "वाढून दिलं तर लवकर पडतंय. मंजे उपाशी न्हाई गं ते. तापतंय."

आणि तू हात घातलास तो डब्यात नाही, डब्यावरच्या झबल्यात. रस्त्याची धूळ जाऊ नये म्हणून तू जुन्या निळ्या लुगड्याचं, अस्तर लावून, काठ जोडून कॉम्प्युटरला कव्हर शिवलं होतंस. शेजारणी त्याला झबलं म्हणत. चालू असतानाही तू ते कधी काढायची नाहीस. साध्या वेगात ते मशीन कसंबसं निभावून न्यायचं, पळवलं तसं आत गुदमरायला लागलं. ते ओढून काढून तू माझ्या सासूच्या मांडीवर टाकलंस. "बघा, गरम लागतंय न्हवं? हा तुमचा अपशकुन. मीच शिवलाय." सासूबाईंनी ते चाचपलं आणि आधी त्याच हसल्या. व्होल्टेज मी पुन्हा खाली आणलं, पत्रिका संध्याकाळच्या आत झाली, आणि लग्न ठरल्या तारखेला लागलं.

एवढं शिकवून तू गेलीस कशी, आई? अंगणात कपडे वाळत घालायला गेलीस, आणि शेजारणीला दोरीखाली सापडलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय असेल. असेल म्हणजे काय? मी पुण्यात होते. तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते. औषधाची गोळी चुकली नसती तर. ऊन नसतं तर. मी त्या रविवारी आले असते तर. प्रत्येक वेळी शेवट तोच येतो. दिवसकार्याला आलेली बायका-माणसं म्हणाली, तिची वेळ भरली होती. मी त्यांच्यावर इतकी चिडले की सासूबाईंनी मला आत नेलं. इतकी वर्षं झाली, अजून मला कारण हवंय. तूच सवय लावलीस ती, आणि कुठे थांबायचं ते सांगितलं नाहीस. भांडण एवढंच आहे.

हा कागद आता कपाटात तुझ्या झबल्याच्या घडीत ठेवीन. एक गोष्ट तेवढी राहिली. परवा भाजी निवडताना माझ्या लेकीने विचारलं, आजी कशानं गेली. मी गोळीचं, उन्हाचं, नेहमीचं सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "तिची वेळ भरली होती." ती बरं म्हणून शेंगा सोलत राहिली. आई, ते म्हटल्यावर मला खूप बरं वाटलं.