देउतांचा अफूचा पास

१४ ऑक्टोबर १९३०

तिसरा दिवस. पाणी सोडून पोटात काही नाही. डोकं हलकं झालंय, पण लिहिता येतं.

आई दोन्ही वेळा पान वाढते, झाकून ठेवते आणि तसंच उचलून नेते. देउता ओसरीवर माझ्याकडे पाठ करून बसतात. काल एवढंच म्हणाले, की पोटच्या पोरीने बापावर उपास धरावा हे कलकत्त्याच्या कॉलेजात शिकवतात का.

मला दुसरा मार्ग दिसला नाही. शनिवारी आम्ही स्वयंसेविका बाजारात सरकारी अफूच्या दुकानासमोर उभ्या होतो. रांगेतल्या एकेकाला हात जोडत होतो – परत जा, हे विष घेऊ नका. एक म्हातारा म्हणाला, "बाइदेउ, तुमचे वडील मघाशी माझ्या पुढेच होते. त्यांनाही जोडलेत ना हात?" सगळी रांग हसली. पहाऱ्याचा पोलीससुद्धा हसला. आणि खरंच होतं ते! आमची नजर चुकवून देउता मागच्या दाराने अफू घेऊन गेले होते.

घरात पहिली बी.ए. झाले ती मी. आणि माझेच वडील साहेबाचं गिऱ्हाईक. ज्यावर सरकारी दुकानात अफू मिळते तो पास ते परत करेपर्यंत मी जेवणार नाही.

१५ ऑक्टोबर

देउतांनी पास दिला!

संध्याकाळी नामघरात, प्रार्थना झाल्यावर, सगळ्या गावासमोर. पद्मधर नेओग – आमच्या स्वयंसेवकांचे पुढारी, शाळेतली सरकारी नोकरी सोडून आलेले – त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि दिव्यावर धरला. देउता म्हणाले, "माझ्या आज्याच्या परसात अफू फुलायची. साहेबाने ती उपटायला लावली आणि स्वतः दुकान मांडलं. चाळीस वर्षं घेतली त्याच्याकडून. आता पुरे." घरात हे ते कधीच बोलले नव्हते.

घरी आले तर आईने आंबट माशाचं कालवण करून ठेवलेलं. तिला आधीच कसं कळलं? दोन घासांत पोट भरलं.

१८ ऑक्टोबर

काती बिहूचा सण. तुळशीपाशी दिवा लावला. देउता बाहेर आले नाहीत. सारख्या जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पायांत गोळे. नेओग म्हणतात पहिला आठवडा असाच जातो, मग माणूस नवा होतो.

आणखी सात जणांनी पास आणून दिले. नेओग प्रत्येकाला म्हणतात, "गायनांनी सोडली, तुम्हाला काय धाड भरलीय?" देउता नामघरात भजनं गातात, म्हणून गाव त्यांना गायन म्हणतं. मला फार अभिमान वाटला.

२१ ऑक्टोबर

जुलाब थांबत नाहीत. आईने माग बंद ठेवलाय. अर्धं विणलेलं कापड तसंच आहे.

२३ ऑक्टोबर

शिवसागरहून डॉक्टर दत्तांना आणलं. देउतांचं पोट तपासून ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, यांना जुनी आव आहे, अफूने दाबून ठेवली होती. या वयात एकदम सोडायला हा काय पानाचा विडा आहे? पुन्हा सुरू करा, मग थोडी थोडी उतरवू. नाहीतर माणूस हाताला लागायचा नाही.

दवाखान्यातून देता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी अफूच्या औषधाचे थोडे थेंब दिले. त्यापुढे पास नसताना दिली तर त्यांची नोकरी जाईल.

थेंब घेतल्यावर देउतांना बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं खरं.

२५ ऑक्टोबर

मौजादार बेणुधर हाजरिकांकडे गेले. सरकारचा सारा तेच गोळा करतात आणि पासाचा अर्ज त्यांच्याच हातून साहेबाकडे जातो. सुपारी कातरत बसले होते. "ये, ये. स्वतःच्या परीक्षा संपल्या, आता बापाची घ्यायला निघालीस?"

मग नीट बोलले. नवा पास मिळेल. पण साहेबाचा हुकूम आहे – ज्याने पास जाळला त्याने आधी सांगायचं, की कुणी भाग पाडलं. नाव दिलं की त्याच दिवशी पास हातात. आणि ज्याचं नाव येईल त्याला सहा महिने तुरुंग.

मी म्हटलं, माझं नाव लिहा.

"तुझं तूच कसं देशील? ज्याचा पास त्याने द्यायचं, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्याने." सुपारी तोंडात टाकून पुढे हळूच म्हणाले, की नेओगचं नाव दिलं तर साहेब जास्त खूश होईल.

२६ ऑक्टोबर

नेओगांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सरकारला नेमकं हेच हवंय – लोकांनी आपण होऊन काही सोडलं नाही, आम्ही सोडायला लावलं. एकाने तसं सांगितलं की बाकीचे सगळे मागे फिरतील. गायन टिकले तर गाव टिकेल.

मी विचारलं, आणि देउता गेले तर?

ते म्हणाले, "तर देशासाठी गेले असं म्हणू." त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसावं. लगेच विचारू लागले, घरात दूध आहे का, मी पाठवतो.

२७ ऑक्टोबर

देउतांजवळ बसून म्हटलं, मौजादारांना माझं नाव सांगा. ते खोटं नाही. मी उपाशी बसले नसते तर तुम्ही पास दिला नसता.

"मी माझ्या मनाने दिला."

"नाही दिलात, देउता."

"मग नामघरात बोललो ते काय खोटं? पोरीला तुरुंगात धाडून अफू खाऊ? ऊठ इथून."

आवाज फुटत नव्हता, तरी चिडले. आई त्यांना चमच्याने पेज भरवत होती. तिने त्यांचं तोंड पुसलं आणि पुन्हा चमचा पुढे केला.

नामघरातलं त्यांचं बोलणं खरंच होतं. माझा उपासही खराच होता. लोकांना आम्ही सांगतो की कुणावर सक्ती करायची नाही, मन वळवायचं. मी देउतांचं मन वळवलं का? त्यांच्यासमोर रोज एक भरलेलं पान परत जात होतं, एवढंच.

२८ ऑक्टोबर

थेंब संपले.

३० ऑक्टोबर

आज देउतांनी मला ओळखलं नाही. गेलेल्या आत्याच्या नावाने हाका मारत होते.

आणि आई सकाळीच मावशीला घेऊन शिवसागरला शंकराच्या देवळात गेली. आम्ही नामघरातली माणसं, दुसऱ्या देवाला हात जोडत नाही. पण मी विचारलं नाही. माणूस अशा वेळी कुठेही जातो. दिवसभर मी एकटीच त्यांचे पाय चेपत बसले.

संध्याकाळी परत आली. प्रसाद वगैरे काही नव्हता. तिने स्वतःच चहा केला, देउतांना टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजला. मग ते शांत झोपले. कितीतरी दिवसांनी!

१ नोव्हेंबर

पोलीस ओसरीवर बसले आहेत. पिशवी भरायला वेळ दिला आहे. आई त्यांच्यासमोर तामूल-पान ठेवते आहे.

हवालदार ओशाळून म्हणाला, की नाव घरूनच आलंय. आई म्हणाली, "मी दिलं. परवा देवळात नव्हते गेले, साहेबाच्या कचेरीत गेले होते. तू जेवत नव्हतीस म्हणून त्यांनी पास दिला, एवढंच सांगितलं. दुसरं कुणाचं नाव घेतलं नाही." मी म्हटलं, बरोबर आहे.

देउता आत उठून बसले आहेत. पेज त्यांनी मागून घेतली. नव्या पासाचं, चहातल्या अफूचं, माझ्या जाण्याचं – त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

आईने पिशवीत जाड चादर कोंबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू परत येशील."