आत्याचा ओक पानं का गाळत नाही

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (वाकलोय हे अगदी खरं. काल आनंदाच्या भरात प्लास्टरचं पोतं एकट्याने उचललं, तेव्हापासून सरळ होता येत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? सूनबाई जिना चढू देत नाही आणि तू ऐकत नाहीस, हेही कानावर आलं. इकडे सगळे ठणठणीत. आता खुर्चीत नीट बस आणि ऐक: तुझं झाड वाचलं!

गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस, की ते झाड तोडलं तर मी पुन्हा त्या गावात पाऊल टाकणार नाही. म्युझियमच्या तिकीट खिडकीवर नोकरी करताना ज्या झाडाखालच्या बाकावर बसून तू रोज दुपारी डबा खाल्लास, नेमक्या तिथेच आमच्या संचालकांना गाड्या लावायच्या होत्या. जुना ओक तोडायला बंदी आहे, म्हणून त्यांनी शक्कल लढवली, की हा ओकच नव्हे. का? तर ओकची पानं थंडीत गळतात आणि हा मेला बारा महिने हिरवागार. (या न्यायाने मला टक्कल नाही, म्हणजे मी आपल्या घराण्यातलाच नाही.) वृक्ष समिती पाहणीला येणार असं ठरलं, झाडाची बाजू मांडायला कोणी पुढे येईना, तेव्हा मी उभा राहिलो. जीवाश्मांच्या प्लास्टरच्या नकला करणारा माणूस मी, भाषण हे काही माझं काम नव्हे. पण प्रश्न तुझ्या बाकाचा होता.

काल सगळे झाडाखाली जमले. समितीच्या अध्यक्षबाई, जाड चष्म्याचे एक वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर, आणि नवी गाडी मुद्दाम त्याच सावलीत लावून आलेले संचालक. एकदा सुटलो तो सुटलोच. म्हटलं, ओकांचं खानदान मोठं, त्यात पानं गाळणारे आहेत तसे न गाळणारेही आहेत. आपल्या झाडाच्या शाखेचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी आशियाच्या पूर्वेकडच्या उबदार जंगलांत राहत, असं अभ्यासक मानतात. हिमालय तेव्हा आजच्याइतका उंच नव्हता. तो वाढत गेला, हवा पालटली, काही मंडळी डोंगरउतारांवर राहिली आणि काही एका जुन्या, आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या काठाकाठाने पश्चिमेला सरकत थेट भूमध्य समुद्रापर्यंत पोचली. (भावकी अशीच पांगते. आपल्यात तरी दोन भाऊ एका गावात कुठे टिकले?) जिथे उन्हाळा कोरडा आणि जमीन निकस, तिथे दरवर्षी सगळी पानं नवी काढायची चैन परवडत नाही. म्हणून पान चामड्यासारखं जाड करायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं, तुझ्या त्या करड्या कोटासारखं. संचालकांनी विचारलं, झाडं चालत आली की काय? मी म्हटलं, झाड चालत नाही साहेब, फळ उडतं. कावळ्याच्या गोतातला एक रंगीत पक्षी ही फळं थंडीसाठी जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यातली काही विसरतो. विसरलेली रुजतात. मग त्यांनी नवा मुद्दा काढला, की खालची पानं काटेरी आणि वरची गुळगुळीत, हे कसलं एक झाड? म्हटलं, खाली जनावरं तोंड घालतात म्हणून काटे, वर बसलेल्यांना कोण खातंय? (संचालकांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, हे मला नंतर आठवलं. अध्यक्षबाईंना लगेच आठवलं.)

शेवटी मी हुकमाचा पत्ता काढला. आपल्या म्युझियमच्या खणातलं ते दगडातलं पान, लाखो वर्षांपूर्वीचा जीवाश्म, तुला पाठ असलेला. प्रोफेसरांनी ते झाडाच्या ताज्या पानाशेजारी धरलं, भिंग लावलं, आणि ते ओरडलेच. शिरा त्याच, काटे तेच, इतक्या काळात तसूभर फरक नाही! काठावर अळीने कुरतडलेली जागासुद्धा दिसते म्हणाले. त्या काळीही अळ्या इतक्या व्यवस्थित खात होत्या, याचा मला फार अभिमान वाटला. तेवढ्यात वरून एक फळ टपकलं आणि संचालकांच्या डोक्यावर टणकन आपटलं. अध्यक्षबाईंनी ते उचललं, त्याची ओकच्या फळाला असते तशी वाटीसारखी टोपी पाहिली आणि निकाल दिला: ओकच आहे, झाड राहील. संचालकांनी सावलीतून गाडी काढली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आत्या, मी चक्क रडलो.

तुझा, प्लास्टरने माखलेला,
भाचा

ता. क. रात्री ते दगडी पान पुसताना मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा सापडला. म्हणजे तो दगड नव्हे. तुझ्या निरोप समारंभाला, आपल्या म्युझियमच्या रिवाजाप्रमाणे निवृत्त होणाऱ्याला नक्कल द्यायची म्हणून, मी याच झाडाचं पान प्लास्टरमध्ये उतरवून दगडी रंग दिला होता, तेच हे! गुंडाळताना अदलाबदल झाली. झाडाची तुलना झाडाशीच झाली. त्याला धोका नाही, निकाल फळावर लागला. धोका मला आहे, कारण प्रोफेसर सोमवारी कॅमेरा घेऊन दगडाचा फोटो काढायला येताहेत.

ता. ता. क. तेव्हा माझी नक्कल समजून तू ज्याने दार अडवून ठेवतेस, तो खरा जीवाश्म आहे. आजपासून दार उघडं राहिलं नाही तरी चालेल.

आणखी एक. पार्सलने पाठवू नकोस, फुटेल. स्वतः घेऊन ये. जिना नाही, एकही पायरी नाही, आणि बाक मी पुसून ठेवलाय.